दोन हजारांचं गाव: लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात माणसं कमी पडतात का?

आपल्याकडे १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन. अमेरिकेत पदवीसाठी प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी हीच तारीख वेगळ्या कारणाने महत्त्वाची असते. तिथल्या बहुतेक कॉलेजांना 'येतो' की 'येत नाही' हे या दिवसापर्यंत कळवायचं असतं. निकाल मार्चअखेर लागतात आणि पुढचा महिनाभर पुणे-मुंबई-नाशिकच्या कितीतरी घरांत तीच चर्चा चालते. एकीकडे ५० हजार विद्यार्थ्यांचं, सगळ्या नातेवाइकांनी नाव ऐकलेलं सरकारी विद्यापीठ. दुसरीकडे आयोवा किंवा मिनेसोटातल्या एखाद्या गावातलं, कुणीच न ऐकलेलं कॉलेज, जिथे चारही वर्षांचे मिळून १,७०० विद्यार्थी शिकतात. फी, शिष्यवृत्ती, रँकिंग सगळं बोलून झालं की मुलगी हळूच विचारते, "चार वर्षं त्याच त्याच माणसांत मला कोंडल्यासारखं होईल का गं, आई?"

हा प्रश्न मला फीच्या प्रश्नाइतकाच मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'होईल सवय' असं दिलं जातं. त्यापेक्षा बरं उत्तर देता येतं, कारण माणसं मैत्री कशी करतात आणि त्यासाठी किती माणसं लागतात यावर बराच अभ्यास झालेला आहे.

आधी हे कॉलेज म्हणजे काय

'लिबरल आर्ट्स' या नावातल्या 'आर्ट्स'मुळे आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. दहावीनंतरच्या आर्ट्स साइडशी त्याचा संबंध नाही. या कॉलेजांत भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, इतिहास, संगीत असं सगळं एका छताखाली शिकवतात. कॅलिफोर्नियातलं हार्वी मड कॉलेज तर इंजिनिअरिंग आणि विज्ञानासाठीच ओळखलं जातं आणि तरीही ते लिबरल आर्ट्स कॉलेज आहे. ओळखायच्या खुणा तीन: भर पदवीच्या शिक्षणावर, वर्ग लहान, आणि जवळजवळ सगळे विद्यार्थी कॉलेजच्या आवारातच राहतात.

आपल्या प्रश्नासाठी तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. पुण्यातल्या कॉलेजात तुम्ही दुपारी घरी जाता. संध्याकाळी सोसायटीतले मित्र, क्लासमधले मित्र, मावसभावंडं असतात. कॉलेज हे तुमच्या जगातलं एक दालन असतं. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात (स्थापना १७९३, विद्यार्थी सुमारे दोन हजार) किंवा आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात (स्थापना १८४६, विद्यार्थी सुमारे १,७००) वर्ग, मेस, खोली, खेळ, नाटक, भांडण, प्रेम सगळं त्याच आवारात घडतं. त्यामुळे 'आमच्या मुलीच्या शाळेत तरी कुठे जास्त मुलं होती' ही तुलना इथे लागू पडत नाही. शाळेनंतर ती घरी येत होती. कॉलेजशी नव्हे, तर वाड्याशी किंवा चाळीशी तुलना केली तर चित्र जास्त खरं उभं राहतं.

मित्र होण्यासाठी किती माणसं लागतात

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात मांडलेला एक आकडा आता प्रसिद्ध आहे: १५०. माणूस साधारण इतक्याच लोकांशी खरं नातं टिकवू शकतो, म्हणजे कोण कुणाचं कोण, कुणाच्या घरी काय चाललंय हे लक्षात ठेवून. या दीडशेच्या आत आणखी वर्तुळं आहेत: साधारण ५० बऱ्यापैकी जवळचे, १५ चांगले मित्र आणि अगदी आतले ५. दीडशे हा आकडा नेमका आहे का, यावर संशोधकांत वाद आहेत, पण वर्तुळांची कल्पना आपल्याला नवी नाही. घरगुती साखरपुड्याला ५० पानं, लग्न अगदी जवळच्यांत करायचं तर दीडशे. आणि मध्यरात्री हॉस्पिटलमध्ये धावत येतील ते पाच.

आता हे १,७०० शेजारी ठेवून पाहा. मेंदूची जागा दीडशेची असेल तर त्याच्या दहापटीहून जास्त माणसं कॉलेजात आहेत. आणि एकूण हिशेब १,७००वर थांबतही नाही. चार वर्षांत मुलीची गाठ तिच्या बॅचबरोबरच पुढच्या तीन आणि मागच्या तीन बॅचेसशी पडते. म्हणजे सात बॅचेस. बॅचमागे ४३० धरले तर तीन हजार माणसं तिच्या समोरून जातात. मित्र मिळण्यासाठी डोकी कमी पडत नाहीत.

कमी पडतात ते तास. कॅन्सस विद्यापीठातले संवादशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचं बऱ्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, पक्क्या मैत्रीला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त. हे तास वर्गातल्या शेजारी बसण्याचे नव्हेत. जेवणाचे, चालत जाण्याचे, रिकामं बसून गप्पा मारण्याचे. ज्या ठिकाणी एकच मेस आहे आणि ग्रंथालयापासून खोली पाच मिनिटांवर आहे, तिथे हे तास आपोआप साठतात. मोठ्या विद्यापीठात वर्गातली मैत्रीण बसने वीस मिनिटांवर राहत असेल, तर प्रत्येक तास ठरवून काढावा लागतो.

अंतराचा हा परिणाम किती मोठा असतो, हे १९५०मध्येच दिसलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीतल्या रहिवाशांना तीन संशोधकांनी विचारलं, तुमचं सगळ्यात जास्त कुणाशी जमतं? अगदी शेजारच्या दाराशी राहणाऱ्यांनी एकमेकांचं नाव घेण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत ते १० टक्क्यांवर आलं. मजल्यावर एकूण दारं जेमतेम पाच होती. चाळीत वाढलेल्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही.

मग कोंडल्यासारखं का वाटतं

तरीही लहान कॉलेजातली मुलं 'इथे फार लहान वाटतं' असं म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत. माझ्या मते याचं कारण मित्रांच्या संख्येत शोधायला नको. ते अनोळखी माणसांच्या संख्येत आहे.

यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये मोजलं की एक माणूस सरासरी पाच हजार चेहरे ओळखू शकतो, घरचे, मित्र आणि टीव्हीवरचे धरून. दोन हजारांचं सगळं कॉलेज या आकड्यात मावतं. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत मेसमध्ये दिसणारा जवळजवळ प्रत्येक चेहरा ओळखीचा झालेला असतो. नाव माहीत नसतं, पण तो कुणाचा रूममेट आहे, कोणत्या टीममध्ये आहे, मागच्या वर्षी कुणाबरोबर फिरत होता, हे माहीत असतं. आणि तुमच्याबद्दल त्यालाही माहीत असतं. ५० हजारांच्या विद्यापीठात हे होऊच शकत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नवे चेहरे येत राहतात.

लहान कॉलेजची घुसमट येते ती इथून. एखाद्याशी बिनसलं, प्रेम तुटलं, वर्गात काहीतरी चुकीचं बोलून गेलो, तर ते माणूस उद्या सकाळी चहाच्या रांगेत समोर असतं. दादर स्टेशनवर हरवून जाता येतं. वाड्याच्या चौकात येत नाही. आपली पहिल्या वर्षातली ओळख पुसून नव्याने सुरुवात करायची म्हटलं, तर अशी कोरी माणसं उरलेली नसतात. अठरा ते बावीस हे वय सारखं बदलण्याचं असतं, म्हणून हा तोटा हलका समजू नये.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू घरापासून तेरा हजार किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत फार मोठी आहे. ती दोन दिवस मेसमध्ये दिसली नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. विल्यम्समध्ये सात विद्यार्थ्यांमागे साधारण एक प्राध्यापक आहे. तिथे तास चुकवला की 'बरी आहेस ना?' अशी मेल येते. चारशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये रिकाम्या खुर्चीचा पत्ता कुणाला लागत नाही. ओळखलं जाण्याचा त्रास आणि ओळखलं जाण्याचा आधार वेगळे मिळत नाहीत. तुमच्या मुलीला यातलं काय जास्त जाणवेल, हे तुम्हाला तिच्या स्वभावावरून ठरवायचं आहे.

'पण मोठ्या ठिकाणी नाना तऱ्हेचे मित्र मिळतील ना?'

पालकांचा हा आक्षेप अगदी स्वाभाविक आहे, आणि अभ्यास त्याच्या उलट सांगतो. अँजेला बान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातल्या आणि त्याच राज्यातल्या छोट्या कॉलेजांतल्या मित्रांच्या जोड्यांशी बोलून त्यांची मतं, समजुती, सवयी ताडून पाहिल्या. विविधता मोठ्या विद्यापीठात जास्त होती, तरी मित्र-मित्र एकमेकांसारखे असण्याचं प्रमाणही तिथेच जास्त निघालं. छोट्या कॉलेजांत मित्र एकमेकांपेक्षा जास्त वेगळे होते.

कारण सोपं आहे. निवड भरपूर असली की माणूस आपल्यासारखाच शोधतो. मुंबईत मराठी नाटक पाहणारा, ट्रेकला जाणारा, शाकाहारी, कोल्हापूरचाच मित्र मिळू शकतो, मग बाकीच्यांकडे कशाला बघायचं? मजल्यावर वीसच जण असतील तर तडजोड करावी लागते, आणि त्या तडजोडीतून एरवी कधीच बोललो नसतो अशा माणसाशी मैत्री होते.

छोट्या मंडळाचं तत्त्व

गल्लीतलं छोटं गणपती मंडळ आठवा. वर्गणी गोळा करणारा तोच, ढोल वाजवणारा तोच, विसर्जनाला ट्रॅक्टरवर बसणारा तोच. कारण दुसरं कुणी नाही. शहरातल्या मानाच्या मंडळात शंभर पथकं अर्ज करतात आणि बहुतेक जण बघ्यांच्या गर्दीत उरतात.

हीच गोष्ट रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी कॅन्सस राज्यातल्या शाळांत मोजून १९६४मध्ये मांडली. (योगायोगाने या लेखातले तीन अभ्यास कॅन्ससचे आहेत, मैदानी राज्यातल्या छोट्या गावांनी या विषयाला खूप काही दिलं आहे.) मोठ्या शाळांत उपक्रम जास्त होते, पण मुलांच्या संख्येच्या मानाने ते वाढत नव्हते. छोट्या शाळांतली मुलं जास्त जबाबदारीच्या जागी दिसली, आणि एरवी मागे राहणारी मुलंही त्यात ओढली गेली.

पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवणाऱ्या मोठ्या कॉलेजात निवड चाचणीला किती मुलं येतात आणि स्टेजवर किती उभी राहतात, ते आठवून पाहा. लहान कॉलेजात प्रकाशयोजना शिकायची असेल तर पहिल्याच सत्रात हात लावायला मिळतो. मुलगी बुजरी असेल तर मला हा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटतो. तिला कुणीतरी 'आम्हाला तू हवी आहेस' असं म्हणण्याची शक्यता इथे किती तरी जास्त आहे.

लहानपण खरंच नडतं तेव्हा

एका बाबतीत मात्र गणित लहान कॉलेजच्या विरुद्ध जातं, आणि ते लपवू नये. तुम्हाला हवी असलेली गोष्ट शंभरात एकाकडे असेल, तर ५० हजारांत असे ५०० निघतात आणि १,७००मध्ये १७. त्या सतरांत निम्मे पदवी संपवून जाणारे किंवा नुकतेच आलेले, काहींशी सूर जुळत नाही, उरले चार-पाच.

क्रिकेटची टीम उभी करायची असेल, मराठी बोलायला माणूस हवं असेल, ठरावीक धर्माचं किंवा परंपरेचं पालन करणारे सोबती हवे असतील, तर हे आकडे लगेच जाणवतात. समलिंगी मुलामुलींच्या बाबतीत वातावरण अनेक लहान कॉलेजांत मोकळं असतं, पण जोडीदार शोधायचा तर आवार फार लवकर संपतं, आणि सगळ्यांना सगळं कळतं. मोठ्या विद्यापीठांत भारतीयांची, बऱ्याचदा महाराष्ट्रातून आलेल्यांचीही, मोठी संख्या असते; गणेशोत्सव, दिवाळी, शनिवारची खिचडी सगळं सापडतं. लहान कॉलेजात दिवाळी होते, पण त्यातले निम्मे पाहुणे भारताबाहेरचे असतात आणि करंज्या तुमच्या मुलीलाच तळाव्या लागतात. काहींना हे आवडतं. काहींना मार्चपर्यंत मातृभाषेची भूक असह्य होते. आपली मुलगी कोणत्या गटात बसते, हे आधी बोलून घ्या.

एक १,७०० दुसऱ्या १,७००सारखे नसतात

नुसता आकडा बघून निर्णय घेणं मला धोक्याचं वाटतं. पोमोना कॉलेज कागदावर लहान आहे, पण लॉस एंजेलिसजवळच्या क्लेअरमाँटमध्ये पदवीची पाच कॉलेजं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. मुलं एकमेकांच्या मेसमध्ये जेवतात, एकमेकांचे कोर्स घेतात, आणि जवळचं जग सहा हजारांच्या आसपास होतं. ॲमहर्स्ट कॉलेजची मुलं बसने स्मिथ, माउंट होल्योक आणि सुमारे ३० हजारांच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठापर्यंत जाऊ शकतात. स्वार्थमोर कॉलेजच्या आवाराला लागून रेल्वे स्टेशन आहे आणि फिलाडेल्फिया अर्ध्या तासावर. मिनेसोटातल्या नॉर्थफिल्डमध्ये कार्लटन आणि सेंट ओलाफ अशी दोन कॉलेजं एकाच गावात आहेत. ग्रिनेल गावाची वस्ती मात्र साडेनऊ हजारांच्या आसपास, आणि डे मॉइन शहर गाडीने तासाभरावर. गाडी नसेल तर हिवाळ्यात कॉलेज हेच जग.

आवाराच्या आतही जागा कशी वाटली आहे ते बघावं लागतं. विल्यम्समध्ये सुमारे तिसरा हिस्सा विद्यार्थी कॉलेजच्या संघांतून खेळतात. तुम्ही खेळाडू असाल तर आयती टोळी मिळते. नसाल तर उरलेलं कॉलेज आणखी लहान होतं. फ्रॅटर्निटी, म्हणजे निवडक सभासदांची मुलांची मंडळं, यांचंही तसंच. पन्नास हजारांत त्यांना टाळता येतं. दोन हजारांत शनिवारची पार्टी त्यांच्याच घरी असेल तर टाळणं कठीण. विल्यम्सने १९६०च्या दशकात आणि ॲमहर्स्टने १९८४मध्ये ती आवारातून बंद केली. विल्यम्समध्ये आता पहिल्या वर्षाची वीसएक मुलं तिसऱ्या वर्षाच्या दोघांच्या सोबतीने एका गटात राहतात, आणि ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

आणि तळाची एक मर्यादाही असते. व्हरमाँटचं मार्लबोरो कॉलेज २०२०मध्ये बंद झालं, तेव्हा तिथे दीडशेच्या आसपास मुलं उरली होती. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८चं. साडेतीनशेच्या आसपास विद्यार्थी असताना ते २०२४मध्ये बंद झालं, आणि ही बातमी मुलांना सत्र संपायला जेमतेम काही दिवस असताना कळली. हजाराच्या खूप खाली गेलेल्या कॉलेजात मित्रांच्या प्रश्नाआधी पैशांचा प्रश्न विचारावा.

'एकदा ग्रुप पडले की संपलं ना?'

पहिले सहा आठवडे सगळ्यांची दारं उघडी असतात. मग ग्रुप पडतात, आणि लहान जागेत ते लवकर पडतात. फेब्रुवारीच्या बर्फात, दुसऱ्या सत्रात, 'मी चुकीच्या माणसांबरोबर अडकले' असं वाटणं अगदी नेहमीचं आहे. त्या महिन्यात आलेल्या रडक्या फोनवरून कॉलेज बदलायचा निर्णय घेऊ नका. दुसऱ्या वर्षी विषय ठरतात, मजले बदलतात, नवी बॅच येते आणि ग्रुप मोडून पुन्हा जुळतात.

तिसऱ्या वर्षी आणखी एक झडप उघडते. या कॉलेजांतली पुष्कळ मुलं एक सत्र परदेशी शिकायला जातात. अनेक ठिकाणी निम्मी किंवा त्याहूनही जास्त. कोंडल्यासारखं वाटण्याची वेळ आणि बाहेर जाण्याची वेळ बरोबर जुळते.

फोनवर काय विचारायचं

पुण्याहून जाऊन कॉलेज बघून येणं बहुतेकांना परवडत नाही. पण प्रवेश मिळालेल्या मुलांना कॉलेज सध्याच्या विद्यार्थ्यांशी जोडून देतं. तेव्हा 'मजा येते का?' असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. मागच्या शनिवारी दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत काय केलंस, ते तासातासाने विचारा. शनिवार-रविवारी आवार रिकामं होतं का? जेवायला एकटी बसलीस असं शेवटचं कधी झालं, आणि तेव्हा काय वाटलं? मागच्या वर्षीच्या जिवलग मैत्रिणी यंदाही त्याच आहेत का? जवळच्या शहराला जायला बस आहे का, आणि शेवटची परत कधी निघते?

आणि परदेशी मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सुट्ट्यांचा. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगला अमेरिकन मुलं घरी जातात, डिसेंबरात तर सगळेच. दोन हजारांच्या आवारात तेव्हा शेकड्यावर मोजण्याइतकी मुलं उरतात. त्या दिवसांत हॉस्टेल उघडं असतं का, मेस चालू असते का, आणि कोण कोण मागे राहतं, हे आधी विचारून घ्या. मागे राहिलेली ही मुलं एकत्र स्वयंपाक करतात, एकत्र बर्फ बघतात. दोनशे तासांची मैत्री बऱ्याचदा याच चार आठवड्यांत होऊन जाते.